चादरीएवढा ‘दूर’

गाणं तीनदा ऐकल्याशिवाय बोट लावायचं नाही, हा आमच्या खोलीतला पहिला नियम. तो मी मोडला. ते गाणं मी तीनदा कशाला, तीन हजारदा ऐकलं होतं. तेही इस्त्रीच्या वाफेत, मावशीच्या पायाशी बसून.

आमचं काम सांगायला सोपं आहे. टीव्हीपुढे माइक धरून खेळायचा एक गाण्याचा खेळ आहे. पडद्यावर शब्द सरकत जातात आणि प्रत्येक अक्षरावर एक निळी पट्टी असते. सूर उंच तर पट्टी वर, सूर लांब तर पट्टी लांब. गाणाऱ्याचा आवाज पट्टीवर बसला की ती हिरवी होते आणि गुण मिळतात, घसरला की लाल होते आणि मिळत नाहीत. त्या पट्ट्या आम्ही बसवतो. कानाला हेडफोन, बोट स्पेसबारवर. अक्षर सुरू झालं की दाबायचं, संपलं की सोडायचं. सॉफ्टवेअर सूर ओळखून पट्टी आखतं, आणि मग आम्ही एकेक पट्टी हाताने सरकवून, छाटून, जागेवर आणतो. चार मिनिटांच्या गाण्याला दोन दिवस लागतात. दोन दिवसांनी ते गाणं इतकं ओळखीचं होतं की नकोसं होतं.

खोलीत चार टेबलं. दाराशी माझं. शेजारी घड्याळ, तिला नाव आहे, पण तिचं बोट इतकं वेळेवर पडतं की खऱ्या नावाने आता तिच्या घरचेच हाक मारत असतील. खिडकीशी दाढीवाला, ठोके मोजताना त्याची दाढी हलते. आणि भिंतीला पाठ लावून तपासनीस. आम्ही पाठवलेली प्रत्येक फाइल तो उघडतो, रेकॉर्डशी ताडून बघतो, आणि चुकली असेल तर एका ओळीचा शेरा मारून परत करतो. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या सदऱ्याच्या घडीपासून शेऱ्याच्या पूर्णविरामापर्यंत सगळं जागच्या जागी असतं.

कंपनीने कुठल्याशा बंद पडलेल्या रेकॉर्ड कंपनीची जुनी गाणी गठ्ठ्याने घेतली होती. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं. लेबलवर बँडचं नाव होतं, गाणारीचं नव्हतं. मी सुरू केलं आणि पहिला श्वास ऐकूनच हात थांबला. तो श्वास मला ठाऊक होता. जड इस्त्री उचलताना घेतलेला, थोडा नाकातून, थोडा हसू दाबल्यासारखा.

पल्याड नदीच्या दिवा लागला गं दूर
अल्याड माझ्या हाती उजेडाचा पूर

आई गेल्यावर मावशीने मला वाढवलं. ती लाँड्रीत इस्त्रीवाली होती. शाळा सुटली की मी तिथेच जायची, टेबलाखाली कपड्यांच्या गाठोड्यावर बसायची, आणि वर हे गाणं चाललेलं असायचं. तरुणपणी कुणा बँडवाल्याने तिचा आवाज ऐकून एक रेकॉर्ड काढली होती, एवढं मला माहीत होतं. ती रेकॉर्ड घरात कधी नव्हती. विचारलं तर मावशी म्हणायची, गाणं घरात आहे ना, मग तबकडी कशाला.

तर मी हेडफोन चढवला, डोळे मिटले, आणि एका दमात सगळं गाणं ठोकून काढलं. ‘दूर’ हा शब्द त्यात अकरा वेळा येतो. अकराही वेळा माझं बोट स्पेसबारवर पडून राहिलं, ऊकार सरेपर्यंत. फाइल पाठवून दिली. तपासायची मला गरजच वाटली नाही. आपल्या घराची पायरी कुणी मोजून चढतं का?

दुपारी फाइल परत आली. शेरा होता: “अकरा ठिकाणी गायिका थांबली आहे. पट्टी थांबत नाही.”

मी तणतणत त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, तुमचं यंत्र बहिरं झालंय. त्याने दुसरा हेडफोन माझ्यापुढे सरकवला आणि गाणं लावलं. पल्याड नदीच्या दिवा लागला गं दूर, आणि तिथेच, चार ठोक्यांवर, मावशीचा आवाज थांबला. खटकन. पाठोपाठ ॲकॉर्डियन वाजायला लागला. पुन्हा दूर, पुन्हा तेच. अकरा वेळा तेच. माझं बोट सरळ पुढे निघून गेलं होतं. हेडफोन रेकॉर्ड वाजवत होता आणि मी ऐकत होते घर.

तपासनीस इतकंच म्हणाला की ओळखीचं गाणं कधी घेऊ नये, कान आधीच भरलेला असतो.

*

संध्याकाळी घरी गेले तेव्हा मावशी इस्त्री करत होती. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, गुडघे बोलायला लागले, पण हात राहत नाही. शेजारपाजारच्या चादरी मागून आणते. मी फोनवर तिला रेकॉर्ड ऐकवली. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि पहिल्या ‘दूर’पर्यंत ऐकलं. तो तुटला तसा तिचा डावा खांदा किंचित खाली गेला.

“बंद कर,” ती म्हणाली. “तो हात अजून तिथेच आहे.”

मग तिने सांगितलं, चादरीच्या कडा जुळवत, माझ्याकडे न बघता. बँडचा मुख्य होता एक काठीवाला, मिरवणुकीत बँडपुढे काठी फिरवत चालणारा. ॲकॉर्डियन तो स्वतः वाजवायचा, आणि प्रत्येक ‘दूर’नंतर तो ऐकू यायला हवा होता. मावशीला थांबता येईना. लाँड्रीत तिचा ‘दूर’ कापडाएवढा असायचा. इस्त्री कापडाच्या या टोकाला ठेवली की सूर सुरू, त्या टोकाला पोचली की सूर पुरा. हातरुमालाला चिमूटभर, उशीच्या अभ्र्याला घोटभर, चादरीला छातीभर. एकदा नाट्यगृहाचा पडदा आला होता, तेव्हा तो ‘दूर’ संपेचना. गरम पाण्याच्या हौदाजवळच्या बायका धुणं सोडून, हात पाण्यातून वर काढून उभ्या राहिल्या होत्या. आणि तिकडे रेकॉर्डिंगच्या खोलीत ना इस्त्री, ना कापड. सहा वेळा रेकॉर्डिंग थांबलं. सातव्यांदा काठीवाला तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावर एक हात ठेवून म्हणाला, हा दाबला की गप्प व्हायचं. ॲकॉर्डियन त्या दिवशी दुसऱ्याकडे दिला.

“अकरा वेळा दाबला,” मावशी म्हणाली. “मग मी बाहेर आले, फाटकाशी उभी राहिले, आणि अकरा ‘दूर’मधला उरलेला सूर सगळा म्हणून टाकला. रस्त्यावरचे बघत होते. बघू देत.”

मी विचारलं, गाणं खेळात घालू का नको. तिने इस्त्री उचलली. तोच श्वास.

“घालायचं तर खांद्यावर हात न ठेवता घाल. नाहीतर घालू नकोस. पोराटोरांना तसं शिकवू नकोस.”

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला वाटलं, किती सोपं आहे.

*

सोपं नव्हतं. खेळात रेकॉर्डच वाजणार, आणि पट्ट्या रेकॉर्डवरच बसायला हव्यात. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा वाट दिसली. आमच्या खेळात जोडगाणी असतात. पडद्यावर पट्ट्यांच्या दोन ओळी, एक पहिल्या माइकची, एक दुसऱ्या माइकची. मी ठरवलं, पहिल्या माइकला रेकॉर्डवरचं गाणं, तुटलेल्या ‘दूर’सकट. दुसऱ्या माइकला घरचं. ॲकॉर्डियन वाजू दे त्याला वाजायचंय तर. त्याच्यावरून ‘दूर’ जाईल.

मावशी चादर करत असताना फोनवर गाणं भरून घेतलं आणि आठवडाभर तेच बसवलं. एकेक पट्टी केसाएवढी इकडेतिकडे करत. सॉफ्टवेअरमध्ये ‘सरळ करा’ असं एक बटण आहे, ते दाबलं की सगळ्या पट्ट्या ठोक्याच्या चौकटीत जाऊन बसतात, शाळेतल्या रांगेसारख्या. त्या बटणाला मी हात लावला नाही. घड्याळ मधून मधून मान लांब करून बघायची आणि म्हणायची, “अगं, ही पट्टी आहे की रस्ता?”

तपासनिसाने फाइल पाहिली. रेकॉर्डवर आवाज एकच आहे, मग दुसरा माइक कुणाचा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, त्याच बाईचा. त्याने खण उघडला. मग नियमांच्या वहीत बघून म्हणाला की रेकॉर्डवर नसलेल्या पट्ट्या चालतात, पण कुणीतरी इथे येऊन त्या गाऊन दाखवायला हव्यात आणि शंभरातले ऐंशी गुण मिळायला हवेत. बाईंना घेऊन या.

मावशी आली ती कडक इस्त्रीच्या कपड्यांत, केस चापून बसवलेले. खोलीतल्या तिघांना तिने एकेक करून नीट पाहिलं. तपासनिसापाशी आल्यावर म्हणाली, तुमचा इस्त्रीवाला बदला, कॉलर उलटी दाबतोय. दाढीवाला खिडकीकडे तोंड करून खोकला. तपासनिसाने कॉलरला हात लावला, पहिल्यांदाच मी त्याला गोंधळलेला पाहिलं, आणि स्वतःची खुर्ची तिला दिली.

तिने माइक डाव्या हातात घेतला. रेकॉर्ड सुरू झाली. पल्याड नदीच्या, आणि आवाज असा निघाला की घड्याळने कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एकाहत्तर वर्षांचा आवाज. कडा झिजलेल्या, पण मधोमध ऊब. मी पडद्याकडे बघत होते. दिवा लागला गं, सगळं हिरवं. दूर...

दूर लवकर संपला. माझी पट्टी पुढे धावत राहिली, रिकामी, लाल. दुसरा ‘दूर’ही तसाच. तिसराही. मला कळेना. मावशी मजेत होती, डोळे मिटलेले. मग माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. तो तपासनिसाच्या टेबलावरून सरकत होता, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. टेबल लहान होतं. कड आली की हात थांबायचा, हात थांबला की ‘दूर’ पुरा.

गाणं संपलं. पडद्यावर आकडा आला: एकसष्ट.

मावशीने डोळे उघडले आणि विचारलं, हे काय. तपासनीस हळूच म्हणाला की गुण आहेत, शंभरापैकी.

“माझ्या गाण्याला एकसष्ट? कुणी ठरवलं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, ही त्याची सवय. “पट्ट्या तुमच्या भाचीने बसवल्यात.”

मावशी पडद्यावरच्या त्या लांब लाल पट्टीकडे बघत राहिली. मग माइक टेबलावर ठेवला आणि स्वतःच्याच डाव्या खांद्यावर बोटं टेकवली.

“म्हणजे आता हा हात तुझा आहे होय, बये.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. जाताना तिने तपासनिसाला सांगितलं की टेबल चांगलं आहे, अभ्र्यांना चालेल. त्याने ‘एकसष्ट गुण, अपुरे’ असा शेरा मारला आणि फाइल माझ्याकडे आली. दुसऱ्यांदा परत.

*

त्या दिवशी मी खूप वेळ नुसती पडद्यासमोर बसून होते. काठीवाल्याने सूर आखूड दाबला, मी लांब दाबला. त्याला त्याचा ॲकॉर्डियन हवा होता, मला माझं बालपण. ज्या चादरीवर मी शिक्का मारला ती एका संध्याकाळची, एका शेजारणीची चादर होती.

आमच्याकडे आणखी एक पट्टी असते, मोकळी पट्टी. तिच्यावर शब्द दिसतो, पण सूर मोजला जात नाही. गाण्यात मधेच कुणी हसलं, काही बोललं, तिथे ती ठेवायची. मी दुसऱ्या माइकच्या अकराही ‘दूर’वरची माझी पट्टी पुसून टाकली. आठवडाभराचं काम अकरा क्लिकमध्ये गेलं. तिथे मोकळी पट्टी ठेवली, पुढची ओळ सुरू होईपर्यंत. कुणाला हातरुमालाएवढा म्हणायचाय त्याने तेवढा म्हणावा, नाट्यगृहाच्या पडद्याएवढा म्हणायचाय त्याने तेवढा. वर बाण नाही, खाली खूण नाही.

तपासनीस फाइल उघडून बराच वेळ बसला आणि मग पहिल्यांदाच स्वतः उठून माझ्या टेबलाशी आला. त्याने समजावलं की मोकळी पट्टी गायलेल्या शब्दावर बसत नाही. आणि बसवलीच तरी एका गाण्यात चारांच्या वर चालत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, “चार घ्या. कुठल्याही चार. मी डोळेझाक करतो.”

त्याच्यासारख्या माणसाने डोळेझाक हा शब्द उच्चारणं ही काय चीज आहे, मला कळत होतं. मनात क्षणभर मी निवडूही लागले. पहिला, शेवटचा, मधले दोन. मग उरलेले सात दिसले, खांदा पुढे करून रांगेत उभे.

“अकरा,” मी म्हटलं.

त्याने आठवण दिली की ही तिसरी वेळ आहे. तीनदा परत आलेलं गाणं आमच्याकडे काढून घेतात आणि शेजारच्या टेबलाला देतात. वर्षाच्या शेवटी कुणाची किती गाणी काढून घेतली, तेही बघतात. मी म्हटलं, बघू देत. हे शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, कुणाचे ते.

फाइल तिसऱ्यांदा परत आली आणि माझ्या यादीतून निघून गेली. शेजारी घड्याळच्या पडद्यावर उगवली.

घड्याळचं बोट चुकत नाही म्हणूनच मला तिची भीती वाटली. तिला वेडंवाकडं सहन होत नाही. दुसऱ्याच्या टेबलावरचं पेन तिरकं असलं तरी सरळ करते. तिने हेडफोन चढवला. नियमाप्रमाणे तीनदा गाणं ऐकलं. मी माझ्या पडद्याकडे बघत होते आणि कान तिच्या कीबोर्डकडे होते. एकही ठोका ऐकू आला नाही. चौथ्यांदा तिने पुन्हा लावलं, आणि तिचा हात टेबलावरून सरकताना मी पाहिला. मग एकच क्लिक. पाठवा.

तपासनीस मान वर करून म्हणाला की यात काहीच बदललेलं नाही.

“बदलायला काही सापडलं नाही,” घड्याळ म्हणाली.

त्याने परत केली, तिने तशीच पाठवली. तिसऱ्यांदा परत आल्यावर फाइल खिडकीशी गेली. दाढीवाल्याने एक दिवस लावला. आधी ऐकलं, मग चहा घेतला, मग पुन्हा ऐकलं. त्यानेही तीनदा तशीच पाठवली. शेवटच्या वेळी त्याने आपल्याकडून एक ओळ जोडली होती: “दाढी हलवून पाहिली. अकराच बरोबर.”

आता टेबल उरलं एकच. सगळी टेबलं संपली तर गाणं तपासनिसाने स्वतः बसवायचं, असं त्याच्याच वहीत लिहिलेलं होतं. ते कलम कधी लागलं नव्हतं. सकाळी त्याने दार लोटून घेतलं, हेडफोन चढवला, बोट स्पेसबारवर ठेवलं. आम्ही तिघंही आपापल्या कामात इतके गढलेले होतो की एकाचंही बोट हलत नव्हतं.

त्याने पहिला माइक तपासला. मग दुसरा, ज्याचा लांब ‘दूर’ रेकॉर्डवर नव्हताच. पहिल्या ‘दूर’ला त्याने स्पेसबार दाबला आणि पट्टीला शेवट कुठे द्यायचा म्हणून बोट धरून राहिला. पुन्हा मागे गेला, पुन्हा दाबला. या वेळी बोट आधीच उचललं. तिसऱ्यांदा आणखी कुठेतरी. तीन वेळा तीन लांब्या. चौथ्यांदा त्याने पुटपुटत, अगदी ओठांतल्या ओठांत, गाऊन पाहिलं. आवाज घोगरा निघाला, आणि तो चपापून आमच्याकडे बघायला लागला. दाढीवाला खिडकीबाहेरचं झाड बघत होता.

दुपारी फाइल मंजूर यादीत दिसली. शेऱ्यात लिहिलं होतं: “पट्ट्या अकरा. मोकळ्या. तपासल्या.” तिन्ही पूर्णविराम जागच्या जागी होते. गाणारीचं नाव लिहायच्या रकान्यात मावशीचं पूर्ण नाव होतं. ते त्याने मला विचारलं नव्हतं; त्या दिवशी दारातल्या वहीत तिने सही केली होती, तिथून उतरवून घेतलं असणार.

*

घरी गेले तेव्हा इस्त्री तापत होती. मी सगळं सांगितलं. चारची गोष्ट, घड्याळची गोष्ट. ती ऐकत होती आणि कापडावर पाणी शिंपडत होती.

“मग आता त्या ‘दूर’ला किती मार्क मिळतात?” तिने विचारलं.

“काहीच नाही.”

“कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही.”

“मग ठीक आहे,” मावशी म्हणाली, आणि इस्त्री उचलली.

समोर हातरुमालांचा ढीग होता. पल्याड नदीच्या दिवा लागला गं दूर, आणि ‘दूर’ बोटभर. पुढचाही बोटभर. ती स्वतःशीच हसली, रुमाल बाजूला सारले आणि मला म्हणाली, कपाटातली ती मोठी चादर काढ, दोघींच्या पांघरुणाची. ती धुतलेली होती, घडीची होती, तिला इस्त्रीची काही गरज नव्हती. मी टेबलावर पसरली. ती टेबलावर मावली नाही, म्हणून दुसरं टोक हातात धरून मी मागे मागे सरकत गेले, दारापर्यंत.